दहावीनंतर फॉर्म भरायच्या आधी एकदा वर्कशॉप बघून या

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस माझा फोन काही शांत बसत नाही. मी रांजणगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल झालेला, त्यामुळे पाहुण्यांत आणि गावात सगळ्यांना वाटतं की ह्याला विचारलं की काम होतं. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "एवढ्या टक्क्याला काय मिळेल रे?" पोराला अमुक करायला आवडतं, त्या कामात वेळ कसा जातो हे त्याला कळतच नाही, असं सांगणारा फोन मला इतक्या वर्षांत एकदाच आलाय आणि तोही एका आजीचा होता. बाकी सगळे टक्के सांगतात, जसं काही मी बाजार समितीत बसलोय आणि मला भाव काढून द्यायचाय.

गेल्या वर्षी तो फोन घरातूनच आला. ताईचा. भाच्याला ६१ टक्के पडले होते आणि दाजींचं ठरलं होतं, अकरावी सायन्स, ते पण एका इंटिग्रेटेड वाल्यांकडे, म्हणजे कॉलेजात नाव फक्त लावायचं आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं. दोन वर्षांची फी दोन लाख ऐंशी हजार, त्यातले साठ हजार लगेच भरायचे नाहीतर सीट जाईल. मी विचारलं, प्रॅक्टिकल कुठे होणार? तर म्हणे त्याची काळजी करू नका, मार्क मिळून जातात. हे ऐकून मला इतकं वाईट वाटलं ना, की ज्या पोराला मुळात हातानेच सगळं कळतं त्याला दोन वर्षं हात न लावता सायन्स शिकवणार आणि त्यासाठी दाजी कांद्याचे पैसे मोडणार.

कारण हा पोरगा कसा आहे ते मला माहितीये. आठवीपासून दर उन्हाळ्यात गावातल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात पडलेला असायचा. विहिरीवरची मोटर काढायला चेन पुली घेऊन माणसं निघाली की हा गाडीच्या मागच्या बाजूला बसलेला. स्टार्टर उघडून कॉन्टॅक्ट घासणं, कपॅसिटर गेलाय का बघणं, मोटर जळालीये का हे नुसत्या वासावरून सांगणं, हे सगळं त्याला येत होतं, आणि शाळेत मात्र "लक्ष नाही" असा शेरा. दुकानदार त्याला दिवसाचे शंभर रुपये द्यायचा ते तो ताईला आणून द्यायचा. तेव्हा घरात सगळ्यांना आनंद व्हायचा, पण त्याच गोष्टीचं शिक्षण घ्यायचं म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. ताई फोनवर रडायलाच लागली, म्हणाली आयटीआयला घातला तर लोक म्हणतील पोरगं वाया गेलं.

हे "वाया गेलं" मला फार जुनं ओळखीचं आहे, म्हणून आधी माझं सांगतो.

आमच्या शाळेत आठवी ते दहावी आठवड्यातला एक पूर्ण दिवस आयबीटीचा, म्हणजे इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजीचा असायचा. हा विषय आला पाबळच्या विज्ञान आश्रमातून, आमच्याच शिरूर तालुक्यातलं गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून पीएचडी करून आलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधनात मोठ्या जागेवर होते, ते सगळं सोडून १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात येऊन राहिले आणि त्यांनी हा आश्रम सुरू केला. त्यांचं म्हणणं साधं होतं, माणूस लहानपणापासून सगळं काही करत करतच शिकतो, मग शाळेत आल्यावर त्याचे हात का बांधायचे. त्या एका दिवसात चार भाग असायचे, इंजिनिअरिंग, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन, आणि मुलगा असो की मुलगी सगळ्यांनी चारही करायचे. आम्ही वेल्डिंग केलं, बोर्डाचं वायरिंग केलं, कलमं बांधली, शोषखड्डे खणले. आणि नुसतं वहीत लिहायला नाही, गावात ज्याला खरोखर हवंय त्याचं काम करायचं आणि मालाचा हिशेब पण आम्हीच ठेवायचा.

त्यातला एक दिवस माझ्या डोक्यात पक्का बसलाय. नववीत होतो, गृह-आरोग्यमध्ये हिमोग्लोबिन तपासायला शिकवलं होतं. एक बारीक रेघा असलेली काचेची नळी, तिच्यात तळाला थोडं पातळ केलेलं ॲसिड, बोटाला सुई टोचून पिपेटने रक्त ओढायचं आणि त्यात सोडायचं, मग ते चॉकलेटी होतं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर एक एक थेंब टाकत, काडीने हलवत, दोन्ही बाजूच्या काचेचा रंग आणि मधल्या नळीचा रंग एक दिसेपर्यंत थांबायचं आणि रेघ वाचायची. आम्ही वस्तीवरच्या बायकांचं तपासत होतो आणि रांगेत माझी आईपण येऊन बसली. तिचं साडेआठ आलं, म्हणजे बरंच कमी. मॅडमनी माझ्याकडून परत करून घेतलं, परत साडेआठ. तोपर्यंत आई सारखी बसते, तिला दम लागतो, तर आम्हाला वाटायचं वय झालंय, आणि वय काय तर तेव्हा जेमतेम चाळीस. मग ती आरोग्य केंद्रात जाऊन लोहाच्या गोळ्या घेऊन आली आणि आमच्या वर्गाने पुढच्या आठवड्यात शेंगदाणा-गुळाची चिक्की केली त्यातली घरी पण आणली. मला जीवशास्त्रात रक्ताचे घटक पाठ होते, पण ते आईच्या अंगातले आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आमच्यात एक मुलगी होती जी त्या दिवशी सगळ्यात शांतपणे सुई टोचत होती, बायका पण म्हणायच्या हिच्याकडूनच टोचून घेऊ. तिने दहावीनंतर एमसीव्हीसीला, म्हणजे अकरावी-बारावीच्या धंदेशिक्षणाला, मेडिकल लॅब टेक्निशियन घेतलं आणि आज वीस वर्षं झाली ती लॅबमध्ये आहे. तिला तो कोर्स कुणी सांगितला नव्हता, त्या नळीने सांगितला. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे खरं तर. पंधरा वर्षांच्या पोराला "तुझा इंटरेस्ट काय" असं विचारून काही कळत नाही, त्याने कुठे काय बघितलंय म्हणून तो सांगेल! आधी हाताला काहीतरी लागू द्या, मग विचारा.

आता रस्ते कुठले आहेत ते सांगतो, कारण फोनवर दर वेळी हेच सांगण्यात माझा अर्धा तास जातो.

आयटीआय म्हणजे शेवट, पुढे शिकता येत नाही, हा गैरसमज सगळ्यात घट्ट आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला, फिटर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट, टर्नर असा कुठलाही, तर त्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळते. डिप्लोमा झाला की त्याच्या मार्कांवर इंजिनिअरिंग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, सीईटी न देता. म्हणजे हिशेब करा, आयटीआय दोन, डिप्लोमा दोन, डिग्री तीन, दहावीनंतर सात वर्षं. आणि अकरावी-बारावी करून इंजिनिअर होणाऱ्याला लागतात सहा. एका वर्षाचा फरक आहे आणि त्या बदल्यात पोराच्या हातात मधल्या दोन वेळा असं सर्टिफिकेट येतं की ज्यावर घरची परिस्थिती बिघडली तर तो तिथेच थांबून कमवू शकतो. बारावी सायन्स नापास झालेल्याच्या हातात काय असतं? आणि दहावीनंतर सरळ डिप्लोमाला गेला तर तीन अधिक तीन, सहाच वर्षं, म्हणजे फरक शून्य. ज्याला बारावीचीच हौस आहे त्याने आयटीआय करता करता बोर्डाचे भाषेचे पेपर दिले की बारावीची समकक्षता पण मिळते. हे ऐकून दाजी दोन मिनिटं गप्प बसले होते, म्हणाले हे आम्हाला कुणी का नाही सांगितलं. शाळेतल्या सरांनाच माहिती नसतं दाजी, ते बीएड करून आलेले, त्यांचा रस्ताच वेगळा होता.

एक वर्षाचे ट्रेडपण आहेत, वेल्डर, कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर वगैरे, पण डिप्लोमाचा रस्ता उघडा ठेवायचा असेल तर दोन वर्षांचा ट्रेड घ्या हे मी सगळ्यांना सांगतो.

आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप. ह्याचा कायदा १९६१ चा आहे, नवीन काही नाही. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के, आणि त्यांना स्टायपेंड द्यावा लागतो. आमच्याकडे दर वर्षी येतात. वर्षभर रोज प्रत्यक्ष मशीनवर उभं राहिलेला पोरगा आणि नुसता पेपर पास झालेला पोरगा ह्यातला फरक मला पहिल्या दहा मिनिटांत कळतो, स्पॅनर कसा धरतो त्यावरून. रेल्वेच्या टेक्निशियन भरतीला आयटीआय लागतं, महावितरणच्या विद्युत सहाय्यकाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन लागतं, म्हणजे सरकारी नोकरीचं ज्यांच्या घरात फार आहे त्यांनी तर हे आधी बघायला पाहिजे. आणि शिकवायची आवड असेल तर सीआयटीएस नावाचा एक वर्षाचा कोर्स करून आयटीआयमध्येच निदेशक होता येतं.

अकरावी-बारावीतच धंदेशिक्षण घ्यायचं असेल तर तोही मार्ग आहे, ज्याला लोक अजून एमसीव्हीसीच म्हणतात, १९८८-८९ ला सुरू झालेलं, आता त्याला एचएससी व्होकेशनल म्हणतात. ह्यात इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाइल, बांधकाम, अकाउंटिंग, पीक उत्पादन, लॅब टेक्निशियन असे कोर्स. पण इथे दोन गोष्टी आधी समजून घ्या, एक म्हणजे ह्यातून बीएस्सीला जाता येत नाही कारण फिजिक्स-केमिस्ट्री नसतं, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं तेही टेक्निकल कोर्स असेल तर, आणि दुसरं म्हणजे सगळीकडे सगळे कोर्स आता राहिलेले नाहीत, तालुक्यात कुठला चालू आहे, शिक्षक आहेत का, हे जाऊन विचारा. सायन्सच घ्यायचंय पण हाताला काही हवंय अशा पोरांसाठी बायफोकल आहे, दुसरी भाषा आणि एक विषय सोडून २०० मार्कांचा इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, क्रॉप सायन्स, फिशरी असा विषय. बहुतेक जण तो मार्क मिळतात म्हणून घेतात. मनापासून केला तर चांगला आहे, त्यात प्रॅक्टिकल भरपूर असतं.

तर भाच्याचं. मी ताईला म्हणालो, फी भरू नको, मला एक आठवडा दे, मी त्याला घेऊन तीन ठिकाणी जातो. सुट्टी टाकली. सगळ्यांना वाटत होतं हा इलेक्ट्रिशियन घेणार, मला पण तसंच वाटत होतं, मोटरमध्ये वाढलेला पोरगा.

पहिलं एक खाजगी आयटीआय होतं, नाव नाही घेत. इमारत चकाचक, रिसेप्शनला एसी, आम्हाला पाणी-बिणी दिलं. मी म्हटलं वर्कशॉप दाखवा. आधी म्हणाले सर आलेले नाहीत, मग म्हणाले चावी नाही, मी म्हटलं थांबतो. शेवटी उघडलं. चार लेथ होते, म्हणजे लोखंड फिरवत कापायची मशीन, आणि चारही प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये, कव्हरवर धूळ. मी एकाचं कव्हर वर केलं, बेडवर एक ओरखडा नाही, चिप ट्रेमध्ये एक तुकडा नाही. शिकणाऱ्या पोरांचा लेथ असा असतो का कधी? जिथे पोरं शिकतात तिथे लेथच्या खाली लोखंडाचे कुरळे केस पडलेले असतात, कूलंटचा वास असतो, टूल तुटलेले असतात. आम्ही तसेच निघालो.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी आयटीआयला गेलो. भिंतीचा रंग उडालेला, गेटवर कुणी विचारायला नाही, पण आवाज येत होता. निदेशक स्वतः बाहेर आले, हाताला ग्रीस, म्हणाले बघा की, बघायला कुणी येतच नाही, सगळे सायबर कॅफेतून ट्रेड भरतात आणि ऑगस्टमध्ये पहिल्यांदा इथे पाऊल टाकतात. इलेक्ट्रिशियनच्या सेक्शनमध्ये भाचा दहा मिनिटं होता, पॅनल बघितले, हे येतं मला म्हणाला. मग आम्ही फिटर सेक्शनमध्ये गेलो आणि तिथे तो अडकला.

पहिल्या वर्षाची पोरं कानस मारत होती. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, लोखंडाची एक जाड पट्टी व्हाइसमध्ये धरायची आणि कानशीने घासून तिची एक बाजू एकदम सपाट करायची. ऐकायला काहीच नाही. पण नवशिक्याचा हात पुढे जाताना खाली जातो आणि मागे येताना वर येतो, झोपाळ्यासारखा, त्यामुळे पट्टी मधे फुगते आणि कडा खाली जातात. ती सपाट करायला पाय कसे ठेवायचे, वजन कुठल्या हातावर कधी द्यायचं, हे शिकायलाच आठवडे जातात. कानशीला खडू घासतात, म्हणजे कीस दातांत अडकत नाही. आणि मग बाजूवर गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावायचा, पट्टी डोळ्यासमोर धरून ट्यूबलाइटकडे तोंड करायचं, आणि गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेड येतो का बघायचं. उजेड आला की परत. केसाएवढा आला तरी परत.

एका पोराने सरांना पट्टी दाखवली, सरांनी उजेडाला धरली, काही न बोलता परत दिली. भाचा त्या पोराच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सर म्हणाले, मारून बघतोस का? त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी बाजूला स्टुलावर बसलो. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील, कानशीचा आवाज आधी खरखर होता, नंतर लांब आणि एकसारखा यायला लागला, आणि तो स्वतःहून थांबून गुण्या लावायचा, लाइटकडे बघायचा, परत सुरू. त्याला कुणी सांगितलं नव्हतं तपास म्हणून. घामाने पाठ भिजली होती. सरांनी बघितलं आणि म्हणाले, अजून उजेड आहे, पण फुगलेलं नाही, पहिल्या दिवशी पोरं फुगवतात.

गाडीवर येताना मी विचारलं, काय मग, इलेक्ट्रिशियन? तर म्हणाला, "मामा, मला ना वायरिंगपेक्षा बेरिंग बसवायला आवडतं. दुकानात पण मी वाइंडिंग नाही करायचो, शाफ्ट आणि बेरिंगचंच करायचो." इतकी वर्षं मी ह्या पोराला बघतोय आणि मला हे माहिती नव्हतं. त्याच्या आईला, बापाला, सरांना कुणालाच नाही. आम्ही फॉर्म भरला असता तर इलेक्ट्रिशियन भरला असता आणि सगळे म्हणालो असतो की पोराच्या आवडीचं दिलं.

तिसरं ठिकाण होतं पॉलिटेक्निक, तेही दाखवलं, ६१ टक्क्याला सरकारीत मेकॅनिकल मिळणं अवघड होतं आणि खाजगीची फी परत तीच रडगाणी. शिवाय त्याचं गणित कच्चं आहे. हे मी मुद्दाम लिहितोय कारण आयटीआय ते डिग्री हा रस्ता मी वर सांगितला तो कागदावर सरळ दिसतो, पण डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला डिग्रीला गेलेल्या कितीतरी पोरांना मी एम-थ्रीमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणितात, अडकलेलं बघितलंय, कारण बाकीच्यांनी पहिल्या वर्षाचं गणित केलेलं असतं आणि ह्यांचं सुटलेलं असतं. ज्याला पुढे जायचंय त्याने आयटीआयमध्ये असल्यापासून गणिताची वही बंद करू नये. भाच्याला मी दर रविवारी घेऊन बसतो, सध्या त्रिकोणमितीवर आहोत, आणि टेपर, म्हणजे निमुळता आकार, काढताना टॅन थीटा कुठे लागतो हे दाखवल्यापासून तो स्वतः विचारतो.

आणखी एक खरं सांगायला पाहिजे. आयटीआय झाल्या झाल्या पगार फार नसतो. आमच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर घेतात, अप्रेंटिसशिप संपली की सोडून देतात, सहा-सात महिन्यांनी दुसऱ्या कंपनीचं गेट. हे अन्यायाचं आहे आणि मी कंपनीत राहून हे बोलतो. म्हणून पोरांना सांगतो, दोन-तीन वर्षं फक्त पगार बघू नका, कुठे जास्त मशीन हाताला लागतात ते बघा. ज्या पोराला हायड्रॉलिक कळतं, न्यूमॅटिक कळतं, ड्रॉइंग वाचता येतं, त्याला आम्ही शोधत असतो, मिळत नाहीत, हे पण तितकंच खरं.

सरकारला हे सगळं कळत नाही असं नाही. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच सांगितलं होतं की माध्यमिक शिक्षण धंद्याशी जोडा. २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात तर साफ लिहिलंय की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार आपल्याकडे १९ ते २४ वयाच्या कामगारांत औपचारिक धंदेशिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना धंदेशिक्षणाचा अनुभव द्यायचा असंही त्यात होतं. २०२५ येऊन गेलं, आमच्या आजूबाजूच्या ज्या शाळा मला माहिती आहेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पोरांनी अजून करवत हातात धरलेली नाही. जिथे आयबीटी किंवा त्यावरूनच निघालेला मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स नववीपासून चालू आहे तिथली पोरं दहावीच्या निकालाला घाबरत नाहीत हे मी स्वतः बघितलंय, त्यांना आपल्याला काय जमतं ते तोपर्यंत कळलेलं असतं. मी डिप्लोमा पूर्ण केला त्याच वर्षी, २००३ ला, डॉ. कलबाग गेले. त्यांना भेटून एकदा सांगायचं राहून गेलं की सर, तुमच्या एका दिवसाने माझी उरलेली सगळी वर्षं ठरवली.

आता तुमच्या घरात नववी-दहावीचं पोर असेल तर जूनपर्यंत थांबू नका. ह्याच दिवाळीच्या सुट्टीनंतर, शाळा असली तरी एक दिवस बुडवून, तालुक्याच्या आयटीआयला घेऊन जा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला. ऑफिसात बसू नका. मशीनखाली कीस पडलाय का बघा, पोरं उभी आहेत की बसलीत ते बघा, किती मशीन चालू आणि किती बंद ते मोजा, निदेशकांचे हात बघा. आणि पोराला एकटं सोडा, तुम्ही बाजूला व्हा, तो कुठल्या सेक्शनच्या दारात थांबतो ते लांबून बघा. मुलगी असेल तरी हेच, तिला शिवणकाम आणि ब्युटी पार्लर ह्या दोनच दारांशी नेऊन उभं करू नका, आमच्या आयटीआयमध्ये मशिनिस्टला तीन मुली आहेत आणि सर म्हणतात मापात त्यांच्याइतकं पक्कं कुणी नाही.

भाच्याचं पहिलं वर्ष झालं. मधल्या काळात ताईचं बोलणं हळूहळू बदललं, आधी कुणी विचारलं तर "कॉलेजला आहे" म्हणायची, आता फिटर म्हणते. गेल्या महिन्यात मी गेलो तर टीव्हीच्या शेजारी, जिथे दाजींच्या कुस्तीच्या ढाली आहेत, तिथे लोखंडाचे दोन तुकडे एकात एक बसवून ठेवलेले. डव्हटेल फिटिंग, कबुतराच्या शेपटीसारखी खाच आणि त्यात बसणारा जोड. मी उचलून खिडकीकडे धरलं. एका बाजूने अगदी बारीक उजेड येत होता. भाचा मागून म्हणाला, "डावीकडे ना? माहितीये मला. हा तिसरा आहे, चौथा करतोय."

दाजी म्हणाले, राहू दे तिथेच, जागेवर ठेव.